काचेतली जोडी

गेटवरच्या रजिस्टरात शेवटचा रकाना ‘भेटीचं कारण’ असा होता, आणि मी तिथे ‘उसळ’ असं लिहिलं.

आता याला माझ्याकडे सबबी आहेत. बंगळूरच्या राजाजीनगरहून मॅजेस्टिकचा बसस्टँड, तिथून दुसरी बस, आणि उतरल्यावर तांबड्या मातीतून पुष्कळ चालणं. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. एचएसआर लेआउटमध्ये तेव्हा चार घरं आणि बाकी सगळी कुंपणं होती. दसऱ्याचे दिवस, संध्याकाळची वेळ, पोटात भूक. शिवाय कन्नडात मला न अडखळता लिहिता येणारे शब्द बहुतेक खाण्याच्या पदार्थांचेच. माझ्या बायकोनं, नलिनीनं, कपाळावर हात मारून घेतला नाही तो केवळ हातात फुलांची परडी होती म्हणून. खाकी कपड्यांतल्या वॉचमननं माझं अक्षर लावलं आणि जराही न हसता फोनवर आत कळवलं, “सार, उसळीसाठी म्हणून दोघं आलेत.”

आतून अण्णा स्वतः आले. रेशमी धोतराचा सोगा हातात धरून, जवळजवळ पळत.

“मास्तर,” ते म्हणाले, “चार दिवसांत खरं कारण लिहिणारे तुम्हीच पहिले.”

हसत होते, पण त्यांनी माझा हात धरला तो गेटपासून दिवाणखान्यापर्यंत सोडला नाही. सुटला तर हा माणूस परत जाईल, अशी काळजी असल्यासारखा.

अण्णा म्हणजे व्यंकोबराव. आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराबरोबर बंगळूरला आले आणि परत जायचं विसरले, असं ते सांगत. मी मिरजेहून आलेला, भौतिकशास्त्राचा. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये मी त्यांच्याशी भरभर मराठीत बोललो, तेव्हा म्हणाले, “स्वल्प सावकाश हो मास्तर. आमची मराठी घरात बसून म्हातारी झालीय. तिला तुमच्याबरोबर पळता येत नाही.” त्या दिवसापासून मी मास्तर. ते अण्णा, त्यांच्या पत्नी सरोजक्का, आणि राजाजीनगरच्या एकाच गल्लीत आमची दारं समोरासमोर.

त्यांचं घर चिंचोळं. पुढे सिमेंटचा कट्टा, मागच्या अंगणात नळ आणि संडास. सकाळी उघडलेलं दार दिवेलागणीपर्यंत उघडंच. शेवगा विकणारी बाई टोपली उतरवून तिथे पाणी प्यायची, विद्यार्थी पुस्तकं नेऊन परत न आणायचे, आणि मी दिवसातून दोनदा काही कारण नसताना जायचो. अक्का न विचारता कॉफी पुढे ठेवायच्या. पेला जरा कलता धरला तर म्हणायच्या, “नीट धरा की. कॉलेजात असंच सांडता काय?”

दर वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्गाला अण्णा एक अमेरिकन कादंबरी शिकवायचे. ज्यांनी इंग्रजी घेतलं त्यांना ती ओळखता येईल. बाकीच्यांनी एवढंच समजावं की तिच्यात पुष्कळ पैसा आहे, मोठाली घरं आहेत आणि सुखी माणूस एकही नाही. माझी प्रयोगशाळा त्यांच्या वर्गाला लागून. भिंतीपलीकडून सतरा वर्षं ऐकून माझी ती कादंबरी न वाचताच झाली. त्यांचं एक वाक्य तर मला लोलकाच्या सूत्राइतकं पाठ आहे.

“या पुस्तकात बघा, कुणी कुणाकडे सहज येत नाही. बोलावलं म्हणून येतात, काम आहे म्हणून येतात, तिथे दुसरा कुणी भेटेल म्हणून येतात. सहज असा एक माणूस येत नाही. एवढं कळलं की पेपर सुटला, सरी? ठीक?”

परीक्षेत त्यांचा प्रश्नही ठरलेला असायचा: या कादंबरीतली श्रीमंत माणसं दुःखी का? मुलं गाइडमधलं पैसा आणि सुखाबद्दलचं छापील वाक्य उतरवायची, आणि अण्णा त्यावर लाल काट मारायचे. एकदा एक मुलगी रडत स्टाफरूममध्ये आली. अण्णांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, मार्क मात्र दिले नाहीत.

“बाळ, तू लिहिलंस पैशानं काही मिळत नाही. खोटं आहे ते. पैशानं पुष्कळ मिळतं. त्या माणसाला हवं ते सगळं मिळालं, बघ पुस्तकात. काय काय मिळालं ते लिही, आणि ते मिळाल्यावर घरात जागा कुणाला उरली नाही ते लिही. मी मार्क देतो.”

माझ्यासारख्या माणसाला हे फार पटायचं. माझ्याकडे मिळण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून तत्त्व म्हणून फारच पटायचं.

अक्कांची श्रीमंती एका ट्रंकेत होती. दसऱ्याला इकडच्या घरांतून बाहुल्या मांडतात. पायऱ्या करायच्या, त्यावर देव, वाणी, बैलगाड्या, नवरा-नवरी असं सगळं रचायचं, आणि नऊ संध्याकाळी बायका-मुलांनी ते बघायला यायचं, गाणं म्हणायचं, उसळ खाऊन जायचं. सगळ्यांत वरच्या पायरीवर एक लाकडी जोडी असते, राजा आणि राणी. लेकीला लग्नात माहेरहून मिळते. अक्कांची जोडी त्यांच्या आईची होती आणि तिला तिच्या आईकडून आलेली. वीत-सव्वा वीत उंच, काळपट तांबडं लाकूड, राणीचं नाक हाताळून झिजलेलं. दर वर्षी अक्का त्यांना नवे कपडे शिवायच्या. आणि दसऱ्याच्या रात्री, सगळे गेल्यावर, दोघांना आडवं करायच्या. मग मऊ जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत, थेट पुढच्या दसऱ्यापर्यंत.

“नऊ दिवस उभे राहून पाय दुखतात त्यांचे,” त्या नलिनीला सांगायच्या. “सगळ्यांकडे हसून बघायचं म्हणजे थोडं काम आहे काय?”

त्यांचा मुलगा श्रीधर अमेरिकेत. लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला घेऊन आला, तेव्हा अक्कांनी दोन दिवस आधीपासून घर धुतलं. अण्णांनी मागच्या संडासाला नवी कडी बसवली, दाराला रंग दिला. दोघं आले, जेवले, मागच्या अंगणात एकदा जाऊन आले आणि संध्याकाळी हॉटेलात राहायला गेले. श्रीधर वाईट मुलगा नव्हे. जाताना म्हणाला, “तिला सवय नाही, अण्णा. मनाला लावून घेऊ नका.”

त्या संध्याकाळी अण्णा कट्ट्यावर बसले होते. मला म्हणाले, “रंग आठवडाभर आधी द्यायला पाहिजे होता, अल्ला, नाही का? वास गेला नव्हता.”

मी म्हटलं, हो, तेलाच्या रंगाला वाळायला वेळ लागतो. हे असं मी बोलतो.

आनेकलकडे त्यांची वडिलांपासूनची जमीन होती. वर्षाला चार पोती रागी आणि ती कसणाऱ्या मुनियप्पाच्या तक्रारी, एवढंच तिचं उत्पन्न. शहर तिकडे सरकू लागलं तशी मोटारीतून माणसं कट्ट्यावर येऊन बसू लागली. श्रीधर येऊन गेल्यावर वर्षाच्या आत अण्णांनी जमीन विकली, नोकरी मुदतीआधी सोडली आणि एचएसआरला घर बांधलं. राजाजीनगरचं घर भाड्यानं गेलं. मुनियप्पालाही त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. नव्या गेटवर बसवलं, खाकी कपडे दिले, शिट्टी दिली. माझं अक्षर लावणारा वॉचमन तो हाच. आपण त्याचं भलं केलं असं अण्णांना वाटायचं. त्याला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही, मीही नाही.

नव्या घरात पाच बाथरूम होत्या. अण्णा पाहुण्याला आधी बाथरूम दाखवत आणि मग देवघर.

तर त्या पहिल्या दसऱ्याला, हात धरून, त्यांनी आम्हाला पाचही दाखवल्या. एकीत नळ आपोआप चालू व्हायचा. मी त्याला दोनदा नमस्कार केल्यासारखे हात केले तरी माझ्यासाठी झाला नाही. मग दिवाणखान्यात ग्रॅनाइटच्या अकरा पायऱ्या, त्यावर दुकानातून एकदम आणलेल्या शेकडो कोऱ्या बाहुल्या, आणि सगळ्यांत वर चांदीचे राजा-राणी. समोर खुर्च्यांच्या तीन रांगा. खुर्च्यांवर आम्ही दोघं.

“आणि आपली जोडी?” नलिनीनं विचारलं.

अण्णांनी अभिमानानं भिंतीकडे हात केला. भिंतीत काचेची पेटी बसवली होती, आत मखमल, वरून हॅलोजनचा पांढरा झोत, आणि त्यात अक्कांचे राजा-राणी. वास्तुशांतीच्या दिवशीच इंटीरियरवाल्यानं त्यांना तिथे उभं केलं होतं. जुनी वस्तू आहे, ट्रंकेत ठेवणं पाप आहे, बारा महिने लोकांना दिसली पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

अक्का उसळीच्या वाट्या घेऊन आल्या. हळूच नलिनीला म्हणाल्या, “वास्तुशांतीपासून डोळा नाही लागला बघ त्यांचा.”

अण्णांनी ते ऐकलं. “ऐकलंत? रोज हेच. काच काढा, दिव्यानं लाकूड खराब होईल म्हणते. तो इंटीरियरवाला म्हणतो, काच काढली तर हवेनं खराब होईल. मास्तर, तुम्ही सायन्सवाले. तुम्हीच सांगून टाका. या दिव्याची उष्णता लाकडाला बाधते काय?”

“मास्तर सांगतील ते मी ऐकीन,” अक्का म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

उष्णता हा विषय मी आयुष्यभर शिकवला. बंद पेटीत सतत जळणाऱ्या दिव्यानं काय होतं याची आकृती मी झोपेत काढीन. पण अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून होते, तीन रांगा रिकाम्या होत्या, आणि एवढ्या मोठ्या घरात यजमानाला नको ते बोलायला माझी जीभ उचलेना.

“छे हो, अक्का,” मी म्हटलं, “एवढासा तर दिवा. त्यावर पापड भाजायचा नाही.”

अण्णा खूप हसले. अक्कांनी माझ्या हातात वाटी दिली आणि आत गेल्या. उसळ छान झाली होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

पुढच्या दसऱ्याला आमच्या घरमालकांच्या फोनवर अक्कांचा निरोप आला. नऊ दिवसांत केव्हाही या. नलिनी हो म्हणाली, आणि आम्ही गेलो नाही. माझे पेपर तपासायचे होते, बसची दगदग होती. खरं कारण नलिनीनं तिसऱ्या दिवशी सांगितलं, “अक्कांकडे मी गेल्या वर्षापर्यंत कधी नाव लिहून गेले नव्हते.” गल्लीतल्या इतर बायकांचंही असंच काहीसं असणार, कारण त्यांतलीही कुणी गेली नाही. मुनियप्पानं मला नंतर सांगितलं, अक्का रोज संध्याकाळी मोठं पातेलंभर उसळ करायच्या. दिवे लागून तास-दोन तास झाले की तो ती बादलीत घालून शेजारच्या प्लॉटवर काम करणाऱ्या गवंड्यांना नेऊन द्यायचा. त्यांनी आत यावं असं अक्कांचं म्हणणं होतं. पण त्यांना रजिस्टरात लिहिता येत नव्हतं.

अक्का हळूहळू बोलायच्या बंद झाल्या. दुपारी त्या काचेपुढे जाऊन उभ्या राहत आणि दिवा मालवत. अण्णा येऊन पुन्हा लावत. “श्रीधरचे मित्र केव्हाही येतात, अंधार बरा दिसत नाही.” श्रीधर एकदा आला, आठवडाभर राहिला, निम्मा आठवडा झोपला. बाथरूम चांगल्या आहेत म्हणाला. काच काढायचा विषय अक्कांनी त्याच्यादेखत पुन्हा काढला तेव्हा अण्णा म्हणाले, त्या काचेचे स्क्रू वेगळे असतात, इंटीरियरवाल्याचाच माणूस लागतो, बोलावू सावकाश.

संक्रांतीच्या तोंडावर अक्कांना ताप आला आणि तो छातीत गेला. आम्ही हॉस्पिटलात गेलो. तिथेही रजिस्टर होतं, पण तिथे नाव लिहायला नलिनीनं मागेपुढे पाहिलं नाही. अक्कांचा हात भाजत होता. त्यांनी नलिनीला जवळ वाकायला लावलं.

“घरी गेलात तर तेवढं त्या दोघांना आडवं करा ग. मास्तरांना सांग.”

मी शेजारीच उभा होतो. मी म्हटलं, “करतो, अक्का.”

नलिनीनं बाहेर येऊन अण्णांनाही सांगितलं. ते म्हणाले, हो, हिला घरी नेलं की हिच्यासमोरच करू, हिला बरं वाटेल. चौथ्या दिवशी अक्का गेल्या. श्रीधर आला, तेराव्यापर्यंत थांबला आणि परत गेला. तेराव्याला अंगणात मोटारी बऱ्याच होत्या. अण्णा सगळ्यांना हात जोडत होते, आणि दिवाणखान्यात तो दिवा जळत होता. एवढ्या माणसांत स्क्रूचं कसं बोलायचं म्हणून मी गप्प राहिलो.

महिन्याभरानं अण्णांचा फोन आला. “मास्तर, मोकळे आहात? येताना स्क्रू ड्रायव्हर घेऊन या. मोठा.”

भर दुपारी पोचलो. मुनियप्पानं रजिस्टर पुढे केलं. शेवटच्या रकान्यापाशी माझा हात थांबला तसं त्यानं पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच लिहिलं, ‘रिपेरी’.

आत अण्णा बनियन आणि साध्या धोतरात होते. दाढी वाढलेली. अक्कांची ट्रंक त्यांनी दिवाणखान्याच्या मधोमध आणून उघडली होती. आत जुन्या लुगड्याची घडी. त्यांनी काचेकडे बोट केलं.

सहा स्क्रू होते. साधे, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तसले. दहा मिनिटं लागली नाहीत.

“एवढंच?” अण्णांनी विचारलं.

“एवढंच, अण्णा.”

काच बाजूला करताच आतली गरम हवा तोंडावर आली. राणीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत लाकूड उभं तडकलं होतं. फट एवढी की नख जाईल. अण्णांनी तिला दोन्ही हातांनी उचललं आणि तसेच उभे राहिले.

“मास्तर, हिचं अंग तापलंय.”

पापडाचं बोलणं मला आठवत होतं. त्यांनाही आठवत असणार, पण त्यांनी ते काढलं नाही. ते खाली बसले, राणीला लुगड्यावर आडवं ठेवलं, तिच्या तोंडावरून पदर ओढून घेतला, पुन्हा जरा खाली केला, नाक मोकळं राहील असा. त्या झिजलेल्या नाकाला त्यांनी अंगठा लावला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला.

मी राजाला काढायला हात घातला.

“त्याला राहू दे.”

“अण्णा, अक्कांनी दोघांना—”

“राहू दे म्हटलं ना. त्याला झोपवायचं नाही. काच परत लावा.”

“असं काय करता अण्णा?”

“मास्तर,” ते म्हणाले, ट्रंकेतून नजर न काढता, “एवढी वर्षं पेपर मीच काढत होतो. उत्तर मला येत नव्हतं असं आहे काय?”

मी काच परत लावली. सहाही स्क्रू घट्ट केले. घट्ट करायला सोडवण्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण मला नीट दिसत नव्हतं. ते कॉफी घ्या म्हणाले नाहीत. त्या घरात आता कुणाला कॉफी करता येत असेल असं वाटत नव्हतं.

गेटवर मुनियप्पा मला जायची वेळ लिहायला लावत होता तेव्हा मी वळून पाहिलं. मोठ्या खिडकीतून दिवाणखाना दिसत होता. तीन रांगांतली एक खुर्ची ओढून अण्णा काचेसमोर बसले होते, पायाशी उघडी ट्रंक. काचेत राजा एकटा, झोताखाली ताठ उभा. दोघं एकमेकांकडे बघत होते. अण्णा मला पुन्हा दिसले नाहीत. पावसाळ्याआधीच श्रीधर येऊन त्यांना तिकडे, अमेरिकेला, घेऊन गेला.

त्या दिवशी घरी येऊन मी नलिनीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. रिपेरीचं ऐकून ती हसली नाही. राणीच्या तड्याशी तिचा हात थांबला.

“अक्कांनी दोघांचं सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“अण्णा ऐकेनात. मी काय करणार होतो?”

तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, “निघताना दिवा तरी मालवून यायचात.”